कानामागचा वर्ख

बाबांनी एकदा हट्ट धरला की साक्षात ब्रह्मदेव आला तरी ऐकत नसत. "बुद्धाच्या देवळात ने" म्हणजे ने! डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं, गुडघे कुरकुरायचे, आणि ते जुनं देऊळ शहराच्या ऐन गर्दीत, उंच इमारतींच्या बेचक्यात. "पण तुम्ही बघणार काय तिथं?" असं चिमीच्या तोंडून निघून गेलं आणि तिनं जीभ चावली. चिमी म्हणजे त्यांची लेक. पन्नाशी उलटली, स्वतः सासू झाली, तरी बाबांसाठी चिमीच.

"मी नाही, तू बघायचंस आणि मला सांगायचंस," ते म्हणाले. "मूर्तीच्या चेहऱ्यावरचं माझं सोनं टिकलंय का, एवढंच."

एवढंच म्हणे! माणसानं जन्मभर सोन्याचा वर्ख चढवायचं काम केलं, पण त्या बुद्धाचा चेहरा म्हणजे त्यांच्या आयुष्याची कमाई. चिमी तेव्हा शाळेत होती. वर्ख ही फुंकरीनं उडणारी चीज. बाबा घरी लाकडाच्या तुकड्यांवर हात बसवायचे, तेव्हा भर उन्हाळ्यात खिडक्या बंद, पंखा बंद. शिंकायची सोय नाही आणि हसलात तर मेलात! सगळं घर खाणाखुणांनी बोलायचं. मीठ हवं असलं की जीभ बाहेर काढायची, आणि आईनं डोळे वटारले की अभ्यासाला बसायचं. तरी कुणीतरी फिस्सकन हसायचंच. मग वर्खाचा कपटा भिरभिरत जाऊन थेट आईच्या नाकावर! बाबा आधी भडकायचे, मग आईकडे बघून स्वतःच हसत सुटायचे. काय दिवस होते ते! त्या कोंदट खोलीसाठी चिमीचा जीव अजून तुटायचा. आई गेली, ती खोलीही गेली. त्या दिवसांचं जे काही उरलं होतं, ते बुद्धाच्या गालावर.

देवळात पाऊल टाकलं आणि चिमीच्या काळजात धस्स झालं. मूर्ती नुसती झळझळत होती. बाबांचं सोनं मऊ दिसायचं, डोळ्यांना निववायचं; हे डोळ्यांवर येत होतं. मूर्तीमागं बुटकी परांची बांधलेली होती, खाली डबे आणि कुंचले पडले होते.

"काय गं, आहे का?"

खरं सांगावं तर म्हातारा खचणार. चिमी म्हणाली, "आहे बाबा. जसंच्या तसं."

बाबांनी नाक वर करून हुंगलं. "ताज्या रोगणाचा वास येतोय, चिमे. डोळे गेलेत माझे, नाक शाबूत आहे. थापा मारायला बापच सापडला होय?"

चिमीला रडूच फुटलं. "झाकलं हो सगळं! वरून नवं चढवलंय. मला नाही बघवत."

"मग त्यात रडायचं काय? मीसुद्धा कुणाचं तरी झाकलंच होतं की." म्हणाले खरं, पण आवाज चिरकला.

"आजोबा, हळू बोला ना, वर्ख उडतोय!" परांचीवरून एक पोरगी डाफरली. हातात कुंचला, भुवईला सोनं लागलेलं.

"गाल कुणी केला?" बाबांनी विचारलं.

"मीच."

"खालचा थर घासताना जीव गेला असेल?"

"छे हो! घासावाच लागला नाही. नुसता पुसला आणि वर्ख बसला. कोण होता कोण जाणे, पण माणूस अस्सल कारागीर होता."

"मी होतो!" बाबा एवढ्यानं ओरडले की ध्यानाला बसलेल्या एका बाईंनी एक डोळा उघडला. "घोटून घोटून बोटं सोलवटली होती माझी!"

पोरीनं कुंचला खाली ठेवला. "कानामागं करायचं राहिलंय अजून. तिथं तुमचंच आहे. या."

कोपऱ्यात बसलेल्या भिक्खूंनीही मानेनंच होकार दिला. पोरीनं वरून हात धरला, चिमीनं खालून आधार दिला, आणि बाबा कण्हत कुथत एकदाचे चढले. पोरीनं त्यांचं बोट मूर्तीच्या कानामागं टेकवलं. बोट हळूहळू फिरलं आणि एका जागी थांबलं.

"इथं सुरकुती पडलीय बघ," ते चिमीला म्हणाले. "तुझी आई डबा घेऊन आली होती. तिच्याकडे बघायला गेलो आणि हात हलला."

चिमीनं डोळे पुसले. "एवढं राहू द्या ना हो," ती पोरीला म्हणाली. "कानामागं कोण बघतंय?"

बाबा उखडले. "राहू द्या काय? अर्धवट काम टाकतं का कुणी? झाक गं पोरी, उद्या सकाळीच झाक. आणि ती सुरकुती आधी घासून काढ."

असं ठणकावून सांगितलं खरं, पण बोट काही तिथून काढेनात.