गुरुजींच्या हेडफोनमधली म्हैस

उत्तरेश्वर गुरुजी मंगल कार्यालयाच्या मागच्या दाराने पळाले. एकाच पायात चप्पल होती.

हे तुम्ही वाचलेलं नाही. असं काही अजून झालेलंच नाही. रविवारची सकाळ आहे, विश्रांतवाडीतलं कार्यालय गच्च भरलंय आणि गुरुजी मंचावर भगव्या झब्ब्यात, कानांवर भलेमोठे बिनवायरीचे हेडफोन चढवून बसलेत. समोर साठी ओलांडलेले काका लोक. प्रत्येकाच्या हातात इंग्रजी रॉक गाण्यांची जुनी कॅसेट, काशीहून गंगा आणल्यासारखी धरलेली.

"हे गोरे लोक गातात असं तुम्हाला वाटतं," गुरुजी म्हणाले. "चूक! तीन कॉर्ड म्हणजे त्रिगुण. ड्रम म्हणजे डमरू. आणि ते लांब केस? जटा!"

"अहाहा," शेजारचे काका म्हणाले. त्यांना टक्कल होतं.

या काका लोकांची एक गोची आहे. तरुणपणी त्यांनी ही गाणी ऐकली, माना हलवल्या, पाठ केली. शब्द मात्र कधी कळले नाहीत, आणि विचारायची लाज वाटली. माझे पप्पा, बद्रीनाथ, अमरावतीहून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला आले आणि पहिल्या पगारात त्यांनी कॅसेटच घेतली. त्यांचं लाडकं गाणं ते आजही अथपासून इतिपर्यंत म्हणतात. त्यात शब्द नसतात, नुसते आवाज असतात. अशा माणसाला कुणी गूढार्थ सांगतो म्हटलं, की तो चपला काढून आत जातोच.

मागच्या रविवारी पप्पांचं गाणं कानात ऐकत गुरुजी म्हणाले होते, "बद्रीनाथा, तुझ्या डोळ्यांत दाब आहे. रोज रात्री मुलगी थेंब घालते." पप्पा रडले. "गायक सांगतोय, बाहेरचं पाणी नको. आतला दिवा पेटेल. थेंब बंद!"

पप्पांनी थेंब बंद केले. त्यांना काचबिंदू आहे. दाब थेंबांमुळेच ताब्यात राहतो आणि गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. उजव्या डोळ्याची कड आधीच गेलीय. त्या बाजूने आलेला माणूस पप्पांना दिसत नाही.

"पप्पा, त्या गाण्यात एकाची गाडी बंद पडलीय आणि प्रेयसी निघून गेलीय. संपलं गाणं."

"तो वरवरचा अर्थ, नमू. मग माझे थेंब त्यांना कसे कळले?"

प्रश्न बरोबर होता. मी आठवत बसले. रांगेत चहा देणाऱ्या निशाताई पाठीवर हात ठेवून विचारतात, "काय त्रास होतो हो काका? घरी कोण असतं?" पप्पांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. पण निशाताई रांग सोडून कुठेच गेल्या नव्हत्या.

म्हणून या रविवारी पप्पा पुढे खुर्ची धरायला गेल्यावर मी कप घेतला आणि हुंदका दिला. "ताई, आमची म्हैस हरवली हो. कौशल्या. तिसऱ्या मजल्यावर राहायची. लिफ्टने गेली."

निशाताईंची पापणीसुद्धा हलली नाही. "अरेरे. रंग?"

"फिकट जांभळा."

आमची पाळी आली. गुरुजींनी डोळे मिटले. "गाण्यात एक जीव हरवलाय... चार पाय... जांभळं तेज... कौशल्या! ती वरून खाली उतरली. एका पेटीतून!"

सभागृहाने हात जोडले.

"कोण कौशल्या?" पप्पा म्हणाले.

"आपली म्हैस, पप्पा."

"आपल्याकडे म्हैस कधी होती?"

गुरुजींनी एक डोळा उघडला. "मागच्या जन्मी."

"मागच्या जन्मी लिफ्ट होती?" मी विचारलं.

सभागृह विचारात पडलं. असेलही, असं बऱ्याच जणांना वाटलं. पुणेकर महापालिकेवर संशय घेईल, मागच्या जन्मावर घेणार नाही.

"गुरुजी, पप्पांना एकदा ऐकू द्या ते गाणं."

"सामान्य माणसाचे कान फाटतील!"

"फाटू देत. डोळे तर तुम्ही घालवताच आहात."

मी मंचावर चढले, हेडफोन ओढले आणि पप्पांच्या कानांवर ठेवले. पप्पांनी सवयीने मान हलवायला घेतली. मग थांबले.

"नमू, यात गाणं नाही न!"

"मग काय आहे?"

"एक बाई विचारून राहिली, साखर किती." ते ऐकत राहिले. "आता दुसरी बाई सांगतेय. सुनेला थायरॉईड आहे, मुलगा बोलत नाही, धानोरीचा फ्लॅट विकायचाय."

दारापाशी, रांगेतल्या हिरव्या साडीवाल्या काकूंच्या हातातून कप पडला. "अगंबाई! यांना कसं कळलं?" त्या धावत आल्या आणि थेट पप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं. मागोमाग टकलू काकाही वाकले.

"उठा आधी!" पप्पा ओरडले. असं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "मी देव नाही. हा फोन चालू आहे, फोन!"

फोन निशाताईंच्या ॲप्रनच्या खिशात होता, सकाळपासून चालू. दुसरा गुरुजींच्या झब्ब्यात, हेडफोनला जोडलेला. रांगेत तुम्ही बोलायचं, मंचावर त्यांनी ऐकायचं, आणि तुमचंच दुखणं गाण्याचा गूढार्थ म्हणून तुम्हाला परत द्यायचं. एवढाच चमत्कार. सगळे हे समजून घेत होते तेवढ्यात मागचं दार वाजलं. दारापाशी गुरुजींची एकच चप्पल उरली होती.

त्या रात्री पप्पांनी स्वतःच मान मागे टेकवली. मी थेंब घातले. "आठवडाभरात किती गेली असेल गं?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. तपासणीत कळेल, असं मी म्हणाले. डोळे मिटून त्यांनी गाणं गुणगुणलं आणि मधेच विचारलं, "गाडी कशाने बंद पडते?" "पेट्रोल संपतं." "हात्तिच्या," ते म्हणाले, आणि पुढे गुणगुणत राहिले.

अर्थ कळला नाही तर विचारा. त्यात लाज नाही. आणि एखाद्याला तुमचं सगळं ठाऊक असेल, तर पाया पडण्याआधी त्याला ते कुणी सांगितलं, हेही विचारा.

सबब, संबंधित खात्यास विनंती, की यापुढे प्रत्येक चमत्काराची औषधाप्रमाणे तपासणी व्हावी, आणि त्याचे दुष्परिणाम बाबांच्या कपाळावर छापून घ्यावेत. अक्षर मोठं असावं. काचबिंदूच्या रुग्णाला उजवीकडूनही वाचता यावं, इतकं.