पायाखालचं हिरवं वर्तुळ

टेबलावर दोन कंट्रोलर होते, माझी वही, बाबांची वही, बाबांचं डोळ्याला लावायचं भिंग, सोमवारसाठी पुसून ठेवलेलं, आणि बाजारात यायच्या नऊ दिवस आधी माझ्याकडे आलेला फुटबॉलचा नवा गेम. एका संकेतस्थळासाठी मी गेम खेळून लिहिते. यात काय बदललंय, ते सांगायचं होतं. सकाळपासून एकटीने अकरा सामने खेळून मी सतरा बदल नोंदवले. पहिला: चेंडू आता बुटाला चिकटून राहत नाही, धावताना पावलागणिक थोडा सुटतो. चौथा: ओल्या मैदानावर पास जास्त लांब घसरतो. नववा: पास नेमका जावा म्हणून गेमची मदत घेणाऱ्या खेळाडूच्या पायाखाली हिरवं वर्तुळ दिसतं. त्यापुढे मी लिहिलं होतं, ‘चांगला बदल. समोरच्याला कळायलाच हवं.’

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. अडीच वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात चिमट्यात स्क्रू धरण्याइतका राहिला नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, बोटांना काम द्या, काहीही खेळा. घरात याच गेमची जुनी आवृत्ती होती. पहिल्या दिवशी मी मोजलं: चाळीस पासपैकी अकरा पोचले. बाबांनी कंट्रोलर खाली ठेवला आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी ते बसायच्या आधी मी त्यांच्या बाजूची मदत एका पायरीने वाढवली. पायऱ्या पाच होत्या. दर काही महिन्यांनी एक, अशा मी पाचही चढवल्या.

प्रत्येक सामन्यातल्या पहिल्या चाळीस पासांचा आकडा बाबा डाव्या हाताने आपल्या वहीत उतरवत. त्याचा आलेख त्यांनी माझ्याकडूनच काढून घेतला होता. गेल्या रविवारी तो बघून त्यांनी एका जुन्या गिऱ्हाइकाला फोन केला. “पुढच्या सोमवारी आणा घड्याळ. हात आलाय परत.”

“आलाय का हो खरंच?” आईने विचारलं.

“आलेख बघ की! चाळीसात पस्तीस. आणि माझ्यावर विश्वास नसेल तर लेकीला विचार, उगाच नाही शिकवलं तिला.”

मी मान डोलावली होती.

“चला मास्तरीणबाई,” आज बाबा खुर्चीत टेकत म्हणाले, “बघू तुमचं नवं खेळणं.”

सुरू करताना गेमने विचारलं, दोन्ही खेळाडूंच्या जुन्या सेटिंग आणायच्या का? मी सवयीने हो म्हटलं. सकाळी मी एकटीच खेळले होते, बाबांची बाजू उघडलीच नव्हती.

सहाव्या मिनिटाला त्यांनी गोल केला. “तुझा गोलकीपर पेपर वाचत बसलाय का गं?” मग ते पडद्याकडे झुकले. “हे हिरवं काय आहे? माझ्याच माणसाच्या पायाखाली. तुझ्या नाही.”

“कर्णधाराची खूण असेल.”

“दर पासला कर्णधार बदलतो?”

त्यांनी माझी वही ओढली, बोट एकेका ओळीवरून खाली नेलं आणि नवव्यावर थांबवलं. सामना चालूच होता. माझ्या खेळाडूने रिकाम्या मैदानातून जाऊन गोल केला, तो कोणी पाहिला नाही.

“किती मदत आहे?”

“पाच.”

“किती पैकी?”

“पाच.”

“कधीपासून?”

“तिसऱ्या दिवसापासून. तेव्हा एक होती.”

बाबांनी आपली वही उघडली, दोन पानं मागे गेले, पुन्हा मिटली. “आणि त्या माणसाला मी सांगून बसलो.”

“मी फोन करते त्यांना. सांगते, तुम्हाला बरं नाही.”

“थांब. आधी मोजू. काढ ती मदत.”

“बाबा, यात चेंडू सुटतो. जुन्या आकड्यांशी याची तुलना होणार नाही.”

“मग जुना लाव.”

मी जुना लावला. मदत शून्यावर आणली.

“दाखव मला शून्य.” त्यांनी पडद्याजवळ जाऊन ते पाहिलं. “आता तू खेळायचं नाही. अडवायचंही नाही. फक्त मोजायचं. आणि मनात काय वाटतं ते वहीत घालायचं नाही.”

“हो.”

दहाव्या पासनंतर त्यांचा अंगठा थरथरायला लागला. त्यांनी मनगट गुडघ्यावर दाबून धरलं. विसाव्यानंतर मी म्हटलं, “जरा थांबायचं का?”

“पहिल्या दिवशी थांबलो होतो?”

“नाही.”

“मग?”

आई पाण्याचा ग्लास घेऊन दारात आली आणि तिथेच उभी राहिली. शेवटच्या पासच्या वेळी बाबांनी बराच वेळ नेम धरला. चेंडू रेघेबाहेर गेला. त्यांनी कंट्रोलर भिंगाशेजारी ठेवला, पेन डाव्या हातात घेतलं आणि नवं पान काढलं.

“सांग.”

मी खुणा पुन्हा एकदा मोजल्या. चाळीसपैकी नऊ. पहिल्या दिवशी अकरा होते.