सोप्यात घातलेली बाज

मी बाज. बाभळीची. उंब्रजजवळच्या वाडीत आकाराम सुताराने मला केली आणि हंबीररावांनी अंबाडीच्या सुंभाने विणली. दोरी त्यांनी अशी आवळली होती की टिचकी मारली तर वाजावी. मला शाळा नाही. अंगावर जे घेतलं तेवढंच सांगते.

हंबीरराव पहिल्या जर्मन लढाईतले शिपाई. मिशा पांढऱ्या झाल्या तरी चाल कवायतीचीच. त्यांच्यासमोर घरात कोणी आवाज चढवत नसे. मुलगा मानसिंगही पलटणीत होता, दुसऱ्या लढाईवर गेलेला. घरी हंबीररावांची बायको चंद्राबाई, सून अंजना आणि अंजनाची तीन पोरं.

तिन्ही पोरं माझ्यावर झाली, आतल्या अंधाऱ्या खोलीत. बाराव्या दिवशी अंजना माझ्यावरून उठायची ती थेट जात्यावर बसायची. उसाची लागण असली तर डोक्यावर कांड्यांचा भारा. तिसऱ्या खेपेनंतर तिचं अंग बाहेर येऊ लागलं. दोन वर्षं तिने कोणाला सांगितलं नाही. मला मात्र ठाऊक होतं. दुपारी घर रिकामं झालं की ती घटकाभर माझ्यावर पडायची, पाय वर दांड्यावर टाकायची आणि मग तिचा श्वास मोकळा व्हायचा.

त्रेचाळीस साली विहिरीवरून येताना ती भरल्या घागरीसकट खाली बसली. लुगडं भिजलं. सगळं पाणी नव्हतं. चंद्राबाईंनी पाहिलं, तेव्हा घराला कळलं.

सांगलीकडच्या मोठ्या दवाखान्यात तिला नेलं. बाहेर येणारी गर्भाची पिशवी काढावी लागेल आणि आत टाके घालावे लागतील, असं तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. पण आधी पंधरा दिवस निजून राहायचं, बाजेचं पायतं उंच करायचं, म्हणजे सूज उतरेल. घरी आल्यावर माझ्या पायत्याखाली दोन दोन विटा घातल्या. मी आजवर सरळ उभी होते, आता ओणवी झाले.

कागदावर नवऱ्याची सही हवी होती. नवरा कुठल्या मुलखात आहे तेच घराला माहीत नव्हतं. हंबीररावांनी सही केली. पलटणीत शिकलेली तेवढीच अक्षरं. घरी येऊन म्हणाले, "मानसिंगाच्या जागी मीच केली सही."

मला बैलगाडीत बांधून तिला माझ्यावरून स्टेशनवर नेलं. एकवीस दिवसांनी तिला तशीच परत आणली. जाताना होती त्याच्या पाऊण वजनाची. नर्सबाईंनी बजावून पाठवलं होतं. महिनाभर उठायचं नाही, ओझं तर नाहीच. खोली उजेडाची, वाऱ्याची हवी. आणि टाका सुटला तर पुन्हा घालायला जागा नाही.

उजेड घरात एकाच ठिकाणी, पुढच्या सोप्यात. सोपा हंबीररावांचा. त्यांनी पटका खुंटीवरून काढला आणि बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसले. मी सोप्यात आले.

इथेच घोटाळा झाला.

सासऱ्यासमोर सुनेने बाजेवर बसायचं नाही, निजणं तर लांबच. आणि घरच्या पुरुषाने आत येताना उंबऱ्यावर खोकायचं, म्हणजे बायका पदर सावरून बाजूला होतात. दोन्ही रीती चांगल्या घरातल्या. हंबीरराव जेवायला आले की खोकायचे. तंबाखूची चंची घ्यायला आले की खोकायचे. दिवसातून सहा-सात वेळा. त्यांचा खोकला आला की अंजना माझा दांडा धरून उठायची, पोटावर हात दाबून दाराआड उभी राहायची.

"आगं, पडून ऱ्हा की! नर्सबायनं काय सांगितलंय?" चंद्राबाई म्हणायच्या.

"मामंजी आल्यात न्हवं."

"त्ये मान खाली घालून येत्यात आन् जात्यात. त्यास्नी काय दिसतंय?"

"तरी पन. सून बाजंवर आन् सासरा म्होरं. लोक काय म्हनतील?"

"हितं कुठं आल्यात लोक? कोंबड्या हाईत."

अंजना हसायची आणि हसताना कळ येऊन गप्प व्हायची. पुढच्या खोकल्याला पुन्हा उठायची. चंद्राबाईंनी नवऱ्याला सांगावं, असं मला वाटे. पण चाळीस वर्षांच्या संसारात त्या दोघांत बाईच्या अंगाची गोष्ट कधी निघाली नव्हती. आता कुठल्या तोंडाने काढणार?

ती उठली की मी करकरायची. तेवढंच मला बोलता येतं. चार पाय आहेत, पण पाऊल टाकता येत नाही.

आठव्या दिवशी माझ्या सुंभाला ओल लागली. संध्याकाळी तिला ताप चढला.

दहाव्या दिवशी दुपारी हंबीरराव कट्ट्यावर तंबाखू मळत बसले होते. आत यायचं नव्हतं. घशात ठसका आला म्हणून खोकले. आत मी करकरले आणि अंजना "आई गं" म्हणाली. त्यांचा हात थांबला. थोड्या वेळाने ते पुन्हा खोकले, हळूच, पारख करायला. मी पुन्हा करकरले.

मग तंबाखू झटकून ते उठले.

सुनेशी त्यांनी कधी थेट बोलणं केलं नव्हतं. आता कसं करणार? अंगणात बैल बांधला होता. त्याच्याकडे तोंड करून ते ओरडले, "आरं सरज्या, नीट ऐक! कुनी उठायचं न्हाई. मी खोकलो तरी न्हाई, आत आलो तरी न्हाई. हुकूम हाय माझा. आन् मी आता गोठ्यात ऱ्हातूया."

चंद्राबाई म्हणाल्या, "ऐकलंस? बैलाला हुकूम सुटला."

अंजना तोंडात पदर कोंबून रडली.

दीड महिना ते गोठ्यात राहिले. तंबाखूने छाती धरलेली, खोकला काही हुकमातला नव्हता. ढास लागली की पटक्याचं टोक दातांत धरायचे. डोळ्यांतून पाणी यायचं, आवाज यायचा नाही. चंद्राबाई पाहून यायच्या आणि माझ्या कडेला बसून हळूच सांगायच्या.

पण एक टाका आधीच सुटला होता. अंजना जगली, भरली घागर मात्र तिला पुन्हा उचलता आली नाही. फार वेळ उभी राहिली की भिंत धरते. एकदा उंब्रजच्या बाजारातून हंबीररावांनी लहान कळशी आणली आणि उंबऱ्यावर ठेवून निघून गेले. एवढंच.

मानसिंग लढाई संपल्यावर आला. पुढे दोन वर्षांनी हंबीरराव माझ्यावर पडले. छातीच्या दुखण्यानेच. सुनेच्या बांगड्या वाजल्या की ते उठून बसायला बघायचे. तिच्यासमोर पडून राहणं त्यांना सोसेना. उठता येत नव्हतं, तरी दांडा धरायचे. मी करकरायची.

मग अंजना बांगड्या कोपरापर्यंत वर सारून येऊ लागली. पाऊल न वाजवता पेज ठेवायची, पांघरूण नीट करायची, जायची. ते डोळे मिटून पडलेले असायचे. तिला वाटे, झोपले आहेत. जागं वजन आणि झोपलेलं वजन मला वेगळं कळतं. ते जागे असायचे.

ते गेले त्याला वर्ष झालं. आता मी अंगणात आहे. दोरी सैल, एक पाय फाटलेला. माझ्यावर मिरच्या वाळत घालतात.

माझं एकच मागणं आहे. बाजेवर दुखणाईत बाई असली तर दारात खोकू नका. आत या, नाहीतर येऊ नका. पण तिला उठवू नका.