अर्ध्या खड्ड्यात टाकलेली पहार

मित्रांनो, मी एक जुनी पहार आहे आणि आज मी रागात बोलणार आहे. पाच फूट लांब लोखंडी कांब, एक टोक अणकुचीदार, दुसरं चपटं. मला उचलायचं, जमिनीत हाणायचं आणि दगड उपटून काढायचा, एवढंच माझं काम. गोड बोलायला मला कोणी शिकवलेलं नाही.

खोपोलीच्या भिवाजी लोहाराने मोडीत निघालेल्या ट्रकच्या ॲक्सलपासून मला घडवलं. तिथून मला कळंबच्या दशरथने आणलं. दशरथ पाया खोदणारा मजूर. आजूबाजूला जी रिसॉर्ट उभी राहिली, त्यांतल्या कितीतरींच्या पायात माझे घाव आहेत. तो ख्रिस्ती होता. रस्त्यालगत पत्र्याच्या छपराचं एक लहानसं चर्च आहे, तिथे तो दर रविवारी उपासनेला जायचा आणि दुपारी मला खांद्यावर टाकून कोणाच्या तरी कामाला निघायचा. रविवारी तरी विश्रांती घ्या, असं त्याची मुलगी सुनिता म्हणायची. तो म्हणायचा की सहा दिवसांची मजुरीसुद्धा देवाच्या डोळ्यांसमोरच चालते, मग सातव्या दिवशी हात लपवून कसे चालतील?

त्याची एक गोष्ट सांगते. चर्चमधल्या लोकांनी ठरवलं होतं की आनंदीबाई नावाच्या एकट्या म्हातारीच्या घराची कौलं बदलायची. दशरथ आदल्या दिवशी तिच्याकडे गेला आणि त्याने नुसतं विचारलं, आजी, तुला काय पाहिजे? ती म्हणाली, कौलं बरी हायेत, पर दाराची पायरी उंच हाय, मी दोनदा पडले. दशरथने मला कामाला लावलं. संध्याकाळपर्यंत एका पायरीच्या दोन बुटक्या पायऱ्या झाल्या. चर्चमध्ये त्याने हे सांगितलं नाही. आनंदीबाईनेच पुढे सांगितलं, तेव्हा लोकांना कळलं.

दशरथ गेल्यावर सुनिताने मला चर्चला देऊन टाकलं. तिथल्या खोलीत मी तीन वर्षं भिंतीला टेकून होते. अंगावर गंज चढला. त्याचं मला दुःख आहे, पण राग त्याचा नाही. राग पुढचा आहे.

किशोर नावाचा एक गृहस्थ चर्चच्या सेवा समितीचा प्रमुख झाला. तो लबाड नव्हता. प्रार्थना करताना त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी यायचं, म्हणून तर मला त्याचा जास्त राग येतो. नाताळच्या आधी समितीने ठरवलं की कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या आदिवासी वाडीत पाण्याची टाकी बांधून द्यायची. वाडीतल्या बाया उन्हाळ्यात अर्धा डोंगर उतरून पाणी आणतात, हे कोणीतरी सांगितलं होतं. टाकीत पाणी कुठून येणार, हे कोणी विचारलं नाही.

एका रविवारी पंधरा माणसं एकसारखे पिवळे टी-शर्ट घालून निघाली. बॅनर होता. मला घासूनपुसून टेंपोत ठेवलं होतं. टेंपो जिथे थांबला, तिथेच, वाडीच्या पायवाटेला लागून, खड्डा खणायला घेतला, कारण बॅनरसकट फोटो तिथे चांगला येत होता. वाडीतली मंगळी पुढे येऊन म्हणाली की इथं खाली कातळ हाय, पाणी वर हाय, झऱ्यापाशी. किशोरने हसून तिच्या हातात ब्लँकेट दिलं आणि तिचाही फोटो काढला.

कमरेएवढं खणून झालं आणि मी कातळावर आदळले. खण्ण! जेवायची वेळ झालीच होती. पुढच्या रविवारी येऊ, असं सांगून सगळे टेंपोत बसले. मला मात्र खड्ड्यातच विसरले. पुढचा रविवार आला. त्याच्या पुढचाही आला. नाताळ झाला, नवं वर्ष लागलं. ते फोटो चर्चच्या फलकावर लागले, असं मला नंतर कळलं. मी मात्र त्या खड्ड्यात आडवी पडून आकाश बघत होते.

वाडीतल्या लोकांनी खड्ड्यावर फांद्या टाकून ठेवल्या होत्या. शेळ्यांनी त्या खाल्ल्या, उरलेल्या वाऱ्याने सरकवल्या. मार्च महिन्यात एका सकाळी मंगळीची सासू चिमा डोक्यावर हंडा घेऊन त्या वाटेने आली. समोरून गुरं आली म्हणून ती कडेला झाली आणि सरळ खाली कोसळली. तिची मांडी माझ्यावर आपटली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, मित्रांनो. आयुष्यभर दगड फोडले, पण माणसाचं हाड मी कधी मोडलं नव्हतं.

चिमाच्या मुलाने, हिरूने, तिला झोळीत घालून खाली डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. ऑपरेशन झालं. त्याच्या पुढच्या रविवारी हिरू चर्चमध्ये आला. उपासना चालू होती. तो सगळ्यांच्या मधून चालत गेला आणि त्याने मला समोर फरशीवर ठेवलं.

"ही तुमची पहार," तो म्हणाला. "खड्डा तुमचाच हाय, पर तो मला उचलून आनता येत नाय. माजी आय त्यात पडली. तिचा पाय कामातून गेला."

मग किशोर उठला. फार वाईट झालं, आपण सगळे तिच्यासाठी प्रार्थना करू आणि फळांची टोपली पाठवू, असं तो म्हणाला. तेव्हा मागच्या बाकावरून सुनिता उठली. रोपवाटिकेत काम करणारी, चार लोकांत कधी न बोलणारी बाई.

"प्रार्थना खड्ड्यापाशी उभं राहून करू," ती म्हणाली. "ज्याला यायचं असेल त्याने फावडं घेऊन यावं." आणि तिने मला बापासारखंच खांद्यावर टाकलं.

तिच्या मागून सहा जण आले. वाडीत त्यांना कोणी या म्हटलं नाही. मंगळी दारातच उभी राहिली. आता कशाला आलात, आमाला प्रार्थनेला बसवनार का, झऱ्याला तुमचं नाव देनार का, असं तिने विचारलं. सुनिताने सांगितलं की यातलं काहीच करणार नाही, आधी तो खड्डा बुजवतो, मग तुम्ही सांगाल ते.

"मग फोन घरी ठेवून या," मंगळी म्हणाली. "आनि मी सांगीन तिथंच खना."

खड्डा बुजवला. मग मंगळीने सगळ्यांना वर झऱ्यापाशी नेलं. दोन पावसाळ्यांपूर्वी दरड खाली आली होती आणि झऱ्याचं तोंड दगडमातीने बंद झालं होतं. वाडीतली माणसं आणि चर्चमधली माणसं मिळून सहा रविवार राबली. दुसऱ्या रविवारी किशोर एकटा आला. मंगळीने माझ्याकडे बोट दाखवलं. मी त्याच्या तळहातांची साल काढली. मुद्दाम काढली म्हणा हवं तर. तो थांबला नाही, एवढं मात्र खरं सांगितलं पाहिजे.

सहाव्या रविवारी कातळाखालून मनगटाएवढी धार सुटली. आधी गढूळ, मग स्वच्छ. पोरं त्यात नाचली. चिमा काठी टेकत, पाय ओढत वर आली. किशोर तिच्यासमोर वाकला आणि त्याने माफी मागितली.

चिमाने ओंजळभर पाणी पिऊन तोंड पुसलं.

"पानी गोड हाय," ती म्हणाली. "पर तू माफी मागून मोकळा झालास रं. मी कशी मोकळी होऊ?"

किशोरने तिचा हंडा भरून उचलला आणि तिच्या लंगडत्या चालीला जुळवून घेत तो तिच्या मागून घरापर्यंत गेला. तेव्हापासून तो दर रविवारी तिचं पाणी भरायला येतो. चिमा त्याला आत बोलावत नाही. तो हंडा ओट्यावर ठेवतो आणि परत जातो.

मी आता वाडीतच राहते. झऱ्याभोवती दगड बसवायचे असले की मंगळी मला नेते. मित्रांनो, चांगलं करायची इच्छा तुमच्या मनात येईल, आलीच पाहिजे. पण ज्याच्यासाठी करायचं, त्याला आधी विचारा आणि तो सांगेल ते ऐका. तेवढी सवड नसेल, तर मला हात लावू नका. न खणलेल्या जमिनीवरून चिमा चाळीस वर्षं नीट चालत होती.