रद्दीतलं कुवेत

“आत्याबाई, विमानं परत सुरू झाली!” सुवर्णा फुलपुडीचा कागद हातात नाचवत ओरडली.

ओट्यावर गजरा ओवत बसलेल्या तिच्या सासूची, कलाबाईंची सुई थांबली. “कुवेतची?”

“तर! रोज येऊ राहिली. अम्मानवरनं थेट मुंबईला.”

म्हातारी गुडघ्यांवर हात देत उठली आणि देवापुढे साखर ठेवायला आत गेली. तिचा थोरला लेक नाथा, म्हणजे सुवर्णाचा नवरा, कुवेतमध्ये वेल्डर होता. नव्वद सालच्या ऑगस्टात इराकी फौजा तिथे घुसल्या. दसराही होऊन गेला, तरी त्याची काही खबर नव्हती.

सुवर्णा बावीस वर्षांची, नववी शिकलेली. पण वर्तमानपत्र म्हणजे तिच्या लेखी फुलं बांधायचा कागद. रोज पहाटे मखमलाबादहून नाशिकच्या घरोघरी जाणाऱ्या फुलपुड्या तीच बांधायची. जगावाचून तिचं काही अडत नव्हतं. आता त्या जगानेच नवरा गिळला होता, आणि घरातले पुरुष “येईल, येईल” यापलीकडे काही सांगत नव्हते. म्हणून ती पुडीआधी कागद वाचू लागली. कालच ‘विमानांची शेवटची फेरी’ अशी बातमी तिने वाचली होती. आणि आज हे!

कालचा कागद अजून हाताशीच होता. तिने सहज दोन्हींवरच्या तारखा पाहिल्या. आजचा कागद कालच्याहून जुना होता. रद्दी आणायचा तिचा दीर सावळीराम, गंगापूर रोडच्या एका गिऱ्हाइकाकडून. त्या घरात रोजचा पेपर कालच्या पेपरवर ठेवत असणार. सुवर्णा गठ्ठ्यातून वरचे कागद उचलत होती, म्हणजे लढाई उलटी वाचत होती. शेवटची फेरी खरोखरच शेवटची होती.

आत घंटी वाजत होती. सासूला सांगायला हवं होतं. तिला सांगवलं नाही.

मग ती वेड्यासारखी वाचत सुटली. बसरा, बगदाद, अम्मान ही नावं तिला पंचवटी-आडगावइतकी पाठ झाली. कुवेतमधून जॉर्डनच्या अम्मानकडे पळालेल्यांच्या वाळवंटातल्या छावण्या, पाण्याच्या टँकरवर तुटून पडलेली माणसं. फोटोत कोणी पाठमोरा दिसला, की ती त्याचे खांदे बघत बसायची.

“वहिनी, पुड्या बांधा,” सावळीराम म्हणाला. “पेपर वाचून का दादा येणारे?”

“विमानं संपली हे तुम्हाला माहीत होतं ना?”

तो सायकलच्या कॅरिअरला दोरी आवळत राहिला. “आईला कोणत्या तोंडानं सांगू? तुम्हीच सांगा ना.”

गठ्ठा उतरत गेला. रणगाडे शहरात शिरल्याची ठळक बातमी आली, आणि तिच्याखाली जुलैचे अंक लागले. त्यातल्या एकात, आतल्या पानावर, चादरींच्या सेलच्या जाहिरातीशेजारी चार ओळी होत्या. इराकी फौजा कुवेतच्या सीमेवर जमत आहेत. सुवर्णाने त्या पुन्हा पुन्हा वाचल्या. त्याच सुमारास शेजाऱ्यांकडे नाथाचा फोन आला होता, आणि ती त्याच्याशी मोगऱ्याच्या नव्या रोपांबद्दल बोलत बसली होती. हे तेव्हा छापून आलेलं होतं. चौकात पेपर मिळत होता. तिला वाचता येत होतं. ‘निघून या’ एवढे दोन शब्द तर बोलायचे होते. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि हुंदका दाबला.

तळाच्या अंकात कुवेत कुठेच नव्हतं. तिने तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. पाऊस, कांद्याचा भाव, सिनेमाच्या जाहिराती. त्या दिवशी नाथा डबा घेऊन नेहमीसारखा कामावर गेला असेल.

“काय म्हणू राहिला गं पेपर आज?” कलाबाईंनी विचारलं.

“आज लढाईच नाय, आत्याबाई.”

“मिटली म्हण की!” म्हातारीने कानशिलांवर बोटं मोडली. “मंग निघालाच असन माझा नाथा.”

“हो,” सुवर्णा म्हणाली, आणि तिने त्या कागदात शेवंती बांधली.