तिसऱ्या प्रश्नापर्यंत थांबा

तुमच्यापैकी कुणीतरी मला दुसऱ्याच मिनिटाला बंद केलंत. नाकारू नका. घंटी वाजली, दिवे चमकले, सूत्रसंचालकाने बत्तीस दात दाखवले आणि तुम्ही म्हणालात, "शी, प्रश्नमंजुषा!" आणि गेलात दुसऱ्या चॅनलवर केक बघायला. हा आहे तरी कोण, हे बघण्याइतकाही धीर तुम्हाला नव्हता.

मी आहे अर्ध्या तासाचा एक विनोदी भाग. माझ्या मालिकेत दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी माणसं, नवं घर. माझी सगळी भावंडं उजळ माथ्याने आली, नाव सांगून आली. मी तेवढा वेष पांघरून आलो. का, ते सांगतो.

मी सुचलो मँचेस्टरजवळच्या बोल्टनमध्ये, एका रविवारी दुपारी, भाजलेलं मांस आणि बटाटे खाऊन झाल्यावर. मला लिहिणारी पिप एन्टविसल तेव्हा आईच्या मागे लागली होती.

"आई, तू माझा एकही भाग शेवटपर्यंत का बघत नाहीस?"

"बघते की गं. पण पाच मिनिटांत कुणीतरी मरतं."

"ते विनोदी असतं, आई!"

"मेलेला माणूस? आमच्या वेळी मेलेल्याला हसत नसत. चल, सरक जरा. माझी प्रश्नमंजुषा लागायची वेळ झाली."

ही हिल्डा एन्टविसल. हिच्या घरात प्रश्नमंजुषा नुसती बघत नाहीत, तिच्याशी भांडतात. स्पर्धकाने तोंड उघडायच्या आत उत्तर ओरडायचं, तो चुकला की त्याच्या शाळेचा उद्धार करायचा, आणि कार्यक्रमवालेच चुकले तर सरळ टीव्ही केंद्राला फोन करून तक्रार नोंदवायची. शेजारचे मिस्टर ऑग्डन रोज संध्याकाळी चहाला येतात ते याच कामासाठी. वर्षानुवर्षांचा शेजार, पण अजून एकमेकांना मिस्टर आणि मिसेस म्हणतात.

त्या दुपारी पिप आईकडे बघत राहिली. आईने तपकिरी किटलीतून चहा ओतला. किटलीवर झाकण नव्हतं, एक बशी पालथी घातली होती. ती पिपच्या आजीची किटली. आजी गेल्यावर तिच्या दोन मुलींत त्या किटलीवरून जुंपली. हिल्डा किटली घेऊन निघाली, आणि तिची बहीण एडना झाकण घेऊन. तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या. एकीचा चहा बशीखाली निवायचा. दुसरीकडे नुसतंच झाकण. हट्ट असावा तर असा!

पिपने त्याच रात्री मला लिहायला घेतलं. आईला जे बघवतं तेच कपडे मला घालायचे आणि आत तिचीच गोष्ट भरायची.

सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. मालिकेची निर्माती रोझलिंड म्हणाली, "अगं, लोकांना खरंच प्रश्नमंजुषा वाटली तर हसणार कोण?"

"जे थांबतील ते."

"आणि नाही थांबले तर?"

"एक बाई थांबली तरी मला पुरे," पिप म्हणाली. रोझलिंडला वाटलं ही कलेबद्दल बोलतेय.

सॅलफर्डच्या स्टुडिओत माझं चित्रीकरण झालं. मंच खरा, घंट्या खऱ्या, सूत्रसंचालकही खऱ्या प्रश्नमंजुषांत मुरलेला. प्रेक्षकांनाही प्रश्नमंजुषा आहे असं सांगूनच बोलावलं होतं. बिचारे पावसात शिस्तीत रांग लावून आत आले आणि सांगतील तेव्हा टाळ्या वाजवत राहिले. गुपित एवढं कडक, की कार्यक्रमपत्रिकेत छापलं, 'या आठवड्यात मालिकेचा भाग नाही. त्याऐवजी नवी प्रश्नमंजुषा.' पिपला आईलासुद्धा सांगता येईना. नुसतं एवढंच विचारलं, "सोमवारी संध्याकाळी घरी आहेस ना?"

"मी कुठे जाणार? टीव्ही उचलून नेऊ?"

सोमवारी मी एकाच वेळी हजारो घरांत शिरलो. आम्हा भागांना ते जमतं. पिपच्या मँचेस्टरच्या खोलीत ती पलंगावर बसून होती, उशी पोटाशी, फोन हातात. तिला लोकांची भीती नव्हती. भीती एकच होती. आई थांबेल का? आणि थांबली तर, घरातलं भांडण चव्हाट्यावर मांडलं म्हणून कायमचं तोंड फिरवेल का?

इकडे बोल्टनच्या बैठकीत हिल्डा आणि मिस्टर ऑग्डन टोस्टवर बीन्स घेऊन बसले होते.

माझे स्पर्धक दोन म्हातारे भाऊ, रॉडनी आणि वॉल्टर. पहिले दोन प्रश्न साधे होते. गुण सांगायला पडद्यामागून एका आजीबाईंचा करडा आवाज. "रॉडनीला एक. वॉल्टर, नीट बस." मिस्टर ऑग्डन म्हणाले, "या बाईला जरा जास्तच अधिकार दिलाय."

मग तिसरा प्रश्न आला. चहात दूध कधी घालायचं, आधी की नंतर?

"नंतर!" मिस्टर ऑग्डन गरजले. "हा काय प्रश्न झाला?"

रॉडनीही म्हणाला, "नंतर." आवाज आला, "चूक. आधी. गरम चहाने नाजूक कप तडकतो. किती वेळा सांगायचं?"

त्या क्षणी केंद्राचे फोन खणखणू लागले. देशभरातले संतापलेले लोक. चहात दूध आधी की नंतर, यावरून आमच्याकडे घरं फुटतात. मिस्टर ऑग्डनच्या काट्यावरून बीन्स सांडल्या. "हे टीव्हीवर सांगतात? मुलांनी काय शिकायचं?"

हिल्डाचा टोस्ट मात्र हातातच राहिला. "आमची आई अगदी असंच म्हणायची," ती हळूच म्हणाली.

मग ती हललीच नाही. पुढचे प्रश्न कुठल्याच पुस्तकातले नव्हते. कुंडी कुणी फोडली आणि मार कुणी खाल्ला? अंत्यविधीनंतर किटली कुणी पळवली? झाकण कुणी खिशात घातलं? भाऊ घाम पुसत होते, एकमेकांवर ढकलत होते, आणि पडद्यामागचा आवाज दोघांचे गुण कापत होता. तो त्यांच्या आईचा आहे हे आता सगळ्यांना कळलं होतं. फक्त सूत्रसंचालकाला नाही. हिल्डाला हसू आवरेना. डोळे पुसत हसत होती. मेलेल्या बाईला!

शेवटी एकच घंटी. दोघांनी एकत्र दाबायची. दोघेही हाताची घडी घालून उभे. तेवढ्यात आवाज आला, "हात धुतलेत का दोघांनी?" आणि दोन म्हातारे घाबरून आपापले तळवे बघू लागले. मग एकमेकांचे. मग त्यांनी घंटी दाबली.

आता मी एका यंत्राच्या पोटात पडून असतो. कुणी बोट लावलं की उठतो. लोक अजूनही दुसऱ्या मिनिटाला पळतात. त्यांना मी हात जोडून सांगतो, हसवणाऱ्याला इतकं हलकं समजू नका. जे रटाळ वाटतं त्याच्या आत कुणीतरी तुमच्याशीच बोलत असेल. तिसऱ्या प्रश्नापर्यंत तरी थांबा.

त्या संध्याकाळी पिपचा फोन वाजला नाही. तिने तो उशीखाली सारला आणि भिंतीकडे तोंड करून पडली. तिला काय ठाऊक? दोन्ही घरांत मी होतो, ती नव्हती.

बोल्टनमध्ये माझी नामावली सरकत होती. लेकीचं नाव आलं तेव्हा हिल्डाने मान हलवली. "कार्टी," ती म्हणाली, पण हसत. मग तिने किटलीवरची बशी उचलली, पदर नव्हता म्हणून अंगातल्या लोकरी जाकिटालाच पुसली आणि कपाटात इतर बश्यांत ठेवून दिली. किटली उघडीच राहिली. ती फोनपाशी गेली. एडनाचा नंबर तिला कुठे बघावा लागला नाही. पलीकडे घंटी वाजत राहिली आणि हिल्डाने दुसऱ्या हाताने खुर्चीची पाठ धरली.

मिस्टर ऑग्डननी मागून सांगितलं, "तक्रारीचाच फोन ना, मिसेस एन्टविसल? माझंही नाव घाला त्यात!"