अजून एक फूट

"वर म्हणाला, आणि गेलंच वर!" म्हातारा स्पायरो टेबलावर चढला तेव्हा क्लबच्या भुयारी हॉलमध्ये शिट्ट्यांचा कल्लोळ उठला. "लागोपाठ पाच वेळा बरोबर! अरे, उभ्या जन्मात ओपलसुद्धा मला पाच वेळा लागलं नाही!"

ऑस्ट्रेलियातल्या कूबर पीडीत माणसं उन्हाच्या धाकाने जमिनीखाली राहतात आणि ओपल या रत्नाच्या आशेने जमीन उकरत राहतात. अशा गावाला चमत्काराची भूल पडायला कितीसा वेळ लागणार? इथल्या चमत्काराचं नाव होतं ट्रेंट. पांढरी टोपी, पांढरे दात आणि जिभेवर खडीसाखर. डिजिटल नाण्याचा भाव चढणार की पडणार, हे तो आधी सांगायचा. ज्याच्या त्याच्या फोनवर एकच शब्द यायचा, 'वर' किंवा 'खाली'. त्या शब्दावर गाव पैसे लावायचं. शब्दागणिक दक्षिणा वेगळी. अट एकच होती, शब्द शेजाऱ्याला दाखवायचा नाही. दाखवला की सिद्धी संपली.

ही अट कुणालाच खटकली नाही. ओपलच्या गावात आपल्या खाणीत काय लागलं हे सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. सांगितलं, की रात्रीतून कुणीतरी खाणीत उतरून थर साफ करून जातं.

"आणि ज्यांचं बुडालं त्यांनी रडायचं नाही!" ट्रेंटने दोन्ही हात वर केले. "तुम्ही खाणवाले. तुम्हाला मी काय शिकवू? पैसा जात नाही मित्रांनो, पुरला जातो! तुमचा पैसा तिथेच आहे, पायाखाली. दुप्पट लावा. अजून एक फूट खणा!"

"अजून एक फूट!" हॉल गरजला.

मागे उभ्या असलेल्या नेवेनाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिच्या पुढच्याच खुर्चीत तिचा बाप रादोवान बसला होता आणि तोही तेच पुटपुटत होता. त्याची पुंजी कधीच बुडाली होती. आज पुन्हा पैसे लावायला तो ब्लोअर विकणार होता. खाणीतली माती शोषून वर फेकणारं, ट्रकवर बसवलेलं ते यंत्र. बिल नावाचं गिऱ्हाईक दारातच किल्लीची वाट बघत उभं होतं. ब्लोअर गेला की रादोवान खाणवाला उरत नव्हता, नुसता म्हातारा उरत होता.

"आता आजचा खास शब्द!" ट्रेंट म्हणाला, आणि हॉलभर फोन वाजले. बापाच्या खांद्यावरून नेवेनाला स्पष्ट दिसलं, 'खाली'. तेवढ्यात शेजारी बसलेल्या कातिनाने, स्पायरोच्या बायकोने, आपला फोन तिच्या नाकासमोर धरला. "चष्मा घरी राहिला गं. काय लिहिलंय मेल्याने?"

तिथे लिहिलं होतं 'वर'.

नेवेना सरळ पुढे गेली. "ज्यांना 'वर' आलंय त्यांनी या भिंतीशी उभं राहा. ज्यांना 'खाली' आलंय, त्यांनी त्या."

कुणी हललं नाही. फोन मात्र पटापट खिशात गेले.

"बरं, मी सुरुवात करते. माझ्या बापाला 'खाली' आलंय."

"नेवेना!" रादोवान ताडकन उठला. "चारचौघांत माझी खाण उघडी करतेस?"

"करते, ताता. कातिनामावशी, तुम्हाला काय आलं?"

"गप बस गं!" टेबलावरून स्पायरो ओरडला.

"का गप बसू?" कातिना फणकारली. "माझ्याकडचं कोण चोरतंय, शब्दच तर आहे! मला 'वर' आलं."

मागून कुणीतरी 'खाली' म्हणालं. मग 'वर'. मग दोन्ही शब्द हॉलभर एकमेकांवर आदळायला लागले.

"अर्ध्या गावाला 'वर', अर्ध्याला 'खाली'," नेवेना म्हणाली. "भाव कुठेही जावो, अर्धं गाव याला देव मानणार. उद्या त्या अर्ध्यांचे पुन्हा दोन भाग. असं करत करत एक स्पायरोकाका उरतो आणि तो टेबलावर चढतो. बाकीचे तोंड शिवून बसतात, कारण रिकामी खाण कोण मिरवतं?"

ट्रेंटची खडीसाखर घशातच अडकली. "शब्द ज्याच्या त्याच्या ऊर्जेप्रमाणे येतो…"

"ऊर्जा?" स्पायरो टेबलावरून उतरला. "म्हणजे भाव माझ्या ऊर्जेने चढणार आणि शेजाऱ्याच्या ऊर्जेने पडणार? एकाच वेळी? मला काय दूधखुळा समजतोस?"

ट्रेंट दाराकडे सटकला. पण दारात बिल होता आणि बिलच्या पुढे आपली जाडजूड पर्स सरसावून कातिना. पोलीस येईपर्यंत तिने त्याला हलू दिलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं! पण रादोवान बिलकडे वळला आणि खिशात किल्ली चाचपू लागला.

"ताता, आता कशाला?"

"तो चोर निघाला, मान्य. पण माझे पैसे? ते सोडून देऊ? आता माझ्या अकलेने लावतो. एकदाच. बरोबरीत आलो की थांबलो."

आजूबाजूच्या कितीतरी माना डोलल्या. नेवेनाला तेव्हा खरी भीती वाटली. भोंदू पकडला गेला होता, पण त्याचा मंत्र सगळ्यांच्या डोक्यात तसाच चालू होता.

"ताता, टेकडीपलीकडची खाण वर्षभर खणलीस. शेवटी काय केलंस?"

"सोडली."

"का? केवढं डिझेल जाळलं होतंस तिच्यात!"

"जळलेलं डिझेल कुठल्या भोकातून परत निघतं का, पोरी? ते गेलं ते…" रादोवान थांबला. आपणच काय बोललो ते त्याच्या कानांवर पडलं.

"ओपल जमिनीत असतं. तू खणलंस, नाही खणलंस, ते तिथेच असतं," नेवेना म्हणाली. "तुझा पैसा त्याच दिवशी दुसऱ्याच्या खिशात गेला. खाली काही पुरलेलं नाही, ताता. तिथे जमीनच नाही."

रादोवानने खूप वेळ किल्ली हातात फिरवली. "हरलो असं म्हणवत नाही गं," तो हळूच म्हणाला. "पुन्हा लावलं की वाटतं, अजून हरलेलो नाही."

"हरलास म्हणून मला तुझी लाज वाटणार नाही. म्हण एकदा."

तो हॉलकडे वळला. "मी हरलो," त्याने दणदणीत आवाजात सांगितलं. "सगळं हरलो!"

या गावात असं मोठ्याने कुणी कधी बोललं नव्हतं. कोपऱ्यातून आवाज आला, "मीही." मग आणखी एक, मग आणखी. स्पायरोसुद्धा खाकरला. "पाचच्या आधी तीनदा बुडालो, ते मी सांगितलंच नव्हतं," तो म्हणाला, आणि कातिनाने त्याच्याकडे असं पाहिलं की घरी त्याची धडगत नव्हती.

बिल रिकाम्या हाताने परत गेला.

वाचकहो, टोपी बदलून ट्रेंट तुमच्याही गावात येईल. तो आला की शेजाऱ्याला बेधडक विचारा, तुला काय सांगितलं रे? आणि बुडालेलं परत मिळवायला हात शिवशिवला, की स्वतःला विचारा, ते आहे कुठे? जागा दाखवता येत नसेल तर कुदळ खाली ठेवा. हरलो म्हणण्यात कमीपणा नाही.

पुढच्याच महिन्यात नवी टोपी घालून एक जण रादोवानच्या खाणीवर आलाच. अजून एक फूट, असं काहीसं तो म्हणत होता. रादोवानने ब्लोअर चालू ठेवूनच ओरडून उत्तर दिलं, "खण की मग! भोक तुझं, डिझेलही तुझंच!"